टोन थांबल्यावर

हे घडलेलं आहे. खरं मानायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ज्याच्या बाबतीत घडलं तो कुंदन माझा मावसभाऊ. जळगावला पिंप्राळ्यात राहतो, आणि असलं काही रचून सांगणाऱ्यातला तो नाही. कारखान्याचं नाव मात्र त्याने मला सांगू दिलेलं नाही. एमआयडीसीत चटयांचे कारखाने ढिगाने आहेत, त्यातलाच एक समजा.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

मे महिन्यातला रविवार. भर दुपार. कारखान्याला सुट्टी. ऊन असं की पत्रे कडकड वाजत होते.

कुंदन फायर अलार्म बसवायचं काम करतो. पूर्वी नुसती घंटा असायची. आता मोठ्या ठिकाणी बोलणारी यंत्रणा लावतात. धूर दिसला की पॅनलमधलं टोन मॉड्यूल आधी भोंग्यासारखा चढता आवाज काढतं. तो थांबतो. मग व्हॉइस मॉड्यूल रेकॉर्ड केलेली सूचना वाजवतं, की घाबरू नका, जवळच्या दाराने बाहेर पडा. पुन्हा टोन, पुन्हा सूचना. आणि पॅनलवरच्या माइकचं बटन दाबलं की दोन्ही गप्प होतात. जिवंत माणसाचा आवाज सगळ्यांच्या वर.

हे काम त्याला नको होतं.

कारण त्याच जागेवर काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी जुना शेड जळाला होता. प्लॅस्टिकचा धूर. चटयांच्या कडेला गोट शिवणाऱ्या तीन बायका त्यात गेल्या. त्यातली एक सुलक्षणा, कुंदनच्या बायकोची, कामिनीची, थोरली बहीण. असोद्याला माहेरीच असायची, तिथून रोज बसने यायची. माल चोरीला जाऊ नये म्हणून मागच्या दाराला बाहेरून कुलूप असायचं. तिघीही त्या दारापाशीच सापडल्या.

कुंदनने कामिनीला विचारलं, नाही म्हणू का? ती म्हणाली, तुम्हीच करा. नीट करा. पुन्हा कोणाची अक्का तशी जायला नको.

म्हणून तो गेला.

नवा शेड, नवी मशिनं. छताखाली स्पीकर लावून झाले होते. गेटवर लोटन नाना, म्हातारे वॉचमन, तेवढेच. कुंदन केबिनमध्ये पॅनलसमोर बसला आणि टेस्टचं बटन दाबलं.

टोन वाजला. शेड दणाणला.

टोन थांबला. सूचना सुरू व्हायच्या आधी मध्ये थोडी शांतता असते...

त्या शांततेत पॅनलच्या छोट्या स्पीकरमधून कोणीतरी खोकलं.

कुंदनला वाटलं, आत कोणी राहिलं असेल. तो शेडमध्ये जाऊन आला. मशिनं झाकलेली. कोणी नाही. लोटन नानांना विचारलं. ते म्हणाले, कुलूप मीच काढलं ना तुमच्यासमोर.

त्याने पुन्हा टेस्ट लावली.

टोन. शांतता. खोकला... आता एकीचा नव्हता.

मग सूचना. जवळच्या दाराने शांतपणे बाहेर पडा.

आणि सूचना संपल्यावर, अगदी हळू...

"कोन्या दारानं?"

 कुंदनने डोकं चालवलं. स्पीकरची वायर उलटीही चालते, हे या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असतं. स्पीकरजवळ कोणी बोललं तर तोच माइकसारखा आवाज पकडतो. त्याने स्पीकरची लाइन पॅनलपासून सोडवली. म्हणजे आता पॅनलचा संबंधच उरला नाही. उघड्या दोन तारांना त्याने तपासणीचा इअरफोन लावला आणि कानात घातला.

खोकला. ओढून घेतलेला श्वास. लोखंडावर हाताने मारल्याचा आवाज...

"हे दार उघडत नही. दार लागेल आहे."

आवाज सुलक्षणाचा होता.

त्याने इअरफोन काढून टाकला. बाहेर येऊन लोटन नानांना विचारलं, जुनं मागचं दार कुठे होतं? नानांनी कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवलं. मागची तेवढी भिंत जुनीच ठेवली होती, दार विटा लावून बुजवलेलं. बरोबर वर एक स्पीकर टांगलेला होता.

 मग नाना उठून उन्हात लांब जाऊन उभे राहिले.

कुंदनने घरी काही सांगितलं नाही. पण त्याला घास गिळवेना. कामिनी मागेच लागली. शेवटी त्याने सगळं सांगितलं. त्याला वाटलं ती रडेल, नाहीतर त्याला वेड्यात काढेल.

ती म्हणाली, "मला तिच्याशी बोलायचंय."

पुढच्या रविवारी ते दोघं गेले. कुंदनने स्पीकरची लाइन पुन्हा जोडली आणि शेडची सगळी शटरं वर केली. टेस्ट लावली. टोन वाजून गेला, सूचना वाजून गेली, आणि कामिनीने माइकचं बटन दाबलं. तिचा आवाज रिकाम्या शेडभर घुमला.

"अक्का... मी कामिनी."

तिने बटन सोडलं. 

मग...

"कामे? तू इकडे काब्बर आली? जाय घरी."

कामिनीने पुन्हा बटन दाबलं. तिने सांगितलं की शटर उघडं आहे, समोरून ये.

"समोर आग आहे. माले दिसत नही काही. डोये झोंबता." खोकला. "तो मानूस सांगतो जवयच्या दारानं निघा. जवयचं हेच आहे ना?"

कुंदनला तेव्हा कळलं. तिच्यासाठी ती दुपार संपलेलीच नव्हती. आणि त्याने लावलेली सूचना तिला पुन्हा पुन्हा त्याच कुलूपबंद दाराकडे पाठवत होती.

कामिनीने बटन दाबून धरलं. आता ती ये म्हणाली नाही. बस म्हणाली. भिंतीला टेकून बस, मी आहे. मग ती घरचं बोलत राहिली. असोद्याचं अंगण, केळीच्या बागेतलं पाणी, लहानपणची भांडणं. मधूनमधून बटन सोडून ऐकायची. खोकला कमी होत गेला. एकेक आवाज थांबत गेला.

शेवटी काहीच उरलं नाही.

घरी येताना कामिनी म्हणाली, सुटली बघा अक्का. त्या दिवशी दोघंही पोटभर जेवले.

यंत्रणेची टेस्ट दर महिन्याला करावी लागते. जूनमध्ये कुंदन एकटाच गेला. टोन वाजला. थांबला.

खोकला...

"कोन्या दारानं?"

तो माइकवर बोलला. सुलक्षणाने विचारलं, कोण आहे तिकडे? कामिनी येऊन गेल्याचं तिला काहीच माहीत नव्हतं. सगळं पहिल्यापासून. तेच शब्द, तोच दारावरचा हात.

प्रत्येक टेस्टला ती पुन्हा मरत होती.

कुंदनने जे जमेल ते केलं. सूचनेतले शब्द बदलून पुढच्या दाराने निघा असं केलं. उत्तर आलं, पुढे आग आहे. नुसता टोन ठेवून बघितला. टोननेही त्या जाग्या व्हायच्या. मालकाच्या मागे लागून त्याने ती भिंत फोडायला लावली आणि तिथे नवं दार बसवलं, आतून नुसतं ढकललं तरी उघडणारं. टेस्टच्या वेळी ते सताड उघडं ठेवलं. बाहेरचं निंबाचं झाड शेडमधून दिसत होतं.

"दार लागेल आहे..."

यंत्रणा बंद करणं त्याच्या हातात होतं. एक फ्यूज काढायचा. पण त्याच शेडमध्ये आज तीस-चाळीस बायका गोट शिवतात. त्याने फ्यूज काढला नाही.

कामिनी मग दर टेस्टला जायला लागली. अक्काला शेवटपर्यंत एकटं ठेवायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. दरवेळी पहिल्यापासून ओळख द्यायची. दरवेळी भिंतीला टेकून बस म्हणायचं. घरी आली की ती दिवसभर कोणाशी बोलत नसे.

हे असोद्याला कळलंच. तिथे शेवंताबाई राहायची, सुलक्षणा आणि कामिनीची आई. नवरा आधीच गेलेला, घरात एकटीच. मला तिकडे न्या, असं ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "तिले घ्याले कोनी गेलंच नही."

पुढच्या वर्षी श्रावणात शेवंताबाई गेली. झोपेतच, आपल्या घरात, आपल्या खाटेवर. आगीशी, धुराशी काही संबंध नाही. कामिनीनेच तिला आंघोळ घातली. माहेरी आता कोणीच उरलं नव्हतं; असोद्याच्या घराला कुलूप लावून ती आली.

त्यानंतरच्या टेस्टला कुंदन तिला नेत नव्हता. सुतक नुकतंच फिटलं होतं. तीच हट्टाने आली.

टोन वाजला. थांबला.

खोकला आला नाही. काहीच आलं नाही. कुंदनच्या मनात आलं, माय गेली आणि लेकीला घेऊन गेली. सुटल्या एकदाच्या. सूचना वाजली. संपली. शांतता तशीच.

कामिनीने बटन दाबलं. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड होता.

"अक्का?"

तिने बटन सोडलं...

आधी श्वास ऐकू आला. म्हाताऱ्या माणसाचा. धाप लागलेला.

"सुलू सापडली वं माले." शेवंताबाईचा आवाज. मग खोकला. मग लोखंडावर हात. "पन दार लागेल आहे."

मागून दुसरा खोकला आला. मग आणखी.

कुंदनने पॅनल बंद केलं. कामिनीला धरून बाहेर आणलं. ते सताड उघडं दार तिथेच होतं. त्यातून वारा आत येत होता.

त्याने ते काम दुसऱ्या माणसाकडे दिलंय. तो माणूस कानात बोटं घालून टेस्ट करतो आणि निघून जातो. काही ऐकू आलं नाही म्हणतो. यंत्रणा व्यवस्थित आहे.

कुंदन मला हे सांगत होता तेव्हा त्याचं सारखं बाहेर लक्ष होतं. कामिनी ओट्यावर बसली होती. चांगलं लुगडं नेसलेली, पायात चपला. टेस्टच्या रविवारी ती सकाळपासून अशीच बसते म्हणे, आणि तो दिवसभर तिच्यावरून नजर काढत नाही.

निघताना मी सहज विचारलं, वहिनी, कुठे निघालात?

ती माझ्याकडे बघून थोडं हसली.

"माहेरी."