म्हाताऱ्याच्या अंगातला शर्ट

होळी बाजाराच्या टोकाला प्लासिडचा फोटो स्टुडिओ आहे. हल्ली तिथे पासपोर्टचे फोटो, पहिल्या कम्युनियनचे अल्बम आणि आधार कार्डाचं लॅमिनेशन एवढंच चालतं. बाकी फोटो जो तो आपल्या मोबाइलमध्ये काढतो, तिथेच ठेवतो आणि मोबाइल बदलला की विसरतो. प्लासिडला याचा भारी राग, आणि तो राग गिऱ्हाइकाला ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. एक काम मात्र गेली बावीस वर्षं त्याच्याकडेच होतं. नाताळपासून नव्या वर्षापर्यंत आपल्या पाचूबंदर गावातले येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे, कागदी चांदण्या, फटाके यांचे फोटो काढायचे, स्वतःच्या हाताने मोठे प्रिंट करायचे आणि सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, चर्चच्या हॉलमधल्या फळ्यावर लावायचे. सगळं गाव येऊन त्यात आपापलं तोंड शोधत बसे.

त्यातला मानाचा फोटो म्हाताऱ्याचा. एकतीस डिसेंबरला पोरं पेंढ्याचा म्हातारा करतात, घरोघरचे जुने कपडे मागून त्याला घालतात, पोटात फटाके भरतात आणि चर्चमधली रात्रीची मिस्सा सुटली की बाराच्या ठोक्याला क्रुसासमोरच्या पटांगणात पेटवतात. जुनं वर्ष जळालं, त्यातलं दुःखही जळालं, असं म्हणायचं आणि एकमेकांना मिठ्या मारायच्या.

यंदा म्हाताऱ्याच्या अंगात शॉनचा शर्ट होता.

शॉन हा प्लासिडचा एकुलता एक मुलगा. बापाचा कॅमेरा त्याने कधी हातात धरला नाही. आजोबांसारखा बोटीवर गेला. पाच वर्षांपूर्वी एका पहाटे, जाळं बघतो म्हणून बोटीच्या टोकाशी गेला. बोट परत आली, शॉन आला नाही. शोध पुष्कळ झाला, पण काही सापडलं नाही. त्याच्या आईने, उर्सुलाने, मृत्यूची मिस्सा आजवर ठेवू दिली नव्हती. कुणी विषय काढला की ती एवढंच विचारी, "कोनी बघितला त्याला मेलेला?" दर महिन्याला ती त्याचे सगळे कपडे धुवी, वाळवी आणि घडी घालून कपाटात ठेवी. प्लासिडला ते बघवत नसे.

म्हाताऱ्याची सगळी तयारी ऑस्टिनकडे असते. तो गोणी घेऊन दारात आला, तेव्हा उर्सुला मासे विकायला बाजारात गेली होती. प्लासिडने कपाट उघडलं आणि वरचाच निळ्या चौकड्यांचा शर्ट गोणीत टाकला. त्याचं तिसरं बटण पांढरं होतं, बाकीची निळी. उर्सुलानेच कधीतरी शिवलेलं. एकदाचं संपू दे, असं त्या क्षणी त्याच्या मनात आलं होतं. त्यानंतर मात्र त्याला घास गोड लागेना. कपाटातला शर्ट गेल्याचं तिला अजून कळलं नसावं, असं त्याला वाटत होतं, पण फळ्यावरच्या फोटोत ती तो बघताक्षणी ओळखणार होती.

म्हणून तीन जानेवारीला दुपारी तो स्टुडिओचं दार लोटून फोटो निवडायला बसला. ज्यात शर्ट ओळखू येत नाही असा एक फोटो मिळाला तरी पुरे होता.

फटाक्यांचे फोटो काढायची रीत वेगळी. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा आणि शटर दहा सेकंद उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात बाणाची आख्खी रेघ उमटते, भुईनळा झाडासारखा फुलतो. माणसं मात्र पुसली जातात. नाचणारी तर जातातच, नुसती उभी असलेलीही पुसट होतात, कारण माणूस डुलतो, मान वळवतो, श्वास घेतो. लग्न नवं होतं तेव्हा प्लासिडने हे उर्सुलाला मोठ्या हौसेने समजावलं होतं. ती म्हणाली होती, "म्हंजे तुझ्या फोटोत मानसं नायच. नुसता धूर."

अकरा फोटो होते. पहिल्यात म्हातारा पेटलेला होता. टोपी, पँट, हातातली काठी, सगळं जागच्या जागी. अंगात शर्ट नव्हता. छातीवर उघडा पेंढा दिसत होता. दुसऱ्यातही तसंच. प्लासिडला आधी हायसं वाटलं. मग आठवलं की त्या शर्टाची बाही पेटताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि पाहवेना म्हणून मान फिरवली होती.

त्याने ऑस्टिनला फोन लावला.

"म्हाताऱ्याला शर्ट घातलेला ना रे?"

"घातलेला की, अंकल. चौकड्यांचा. बटनं मीच लावली, एक पांढरं होतं. का?"

"काय नाय. फोटोत नीट दिसत नाय."

"जळून गेला असेल पहिल्यांदा," ऑस्टिन म्हणाला, आणि थोडं थांबून, "शॉनचा होता ना तो?"

प्लासिडने फोन ठेवला. तो पुन्हा फोटोंकडे वळला आणि आता म्हाताऱ्याऐवजी गर्दी बघू लागला.

पहिल्या फोटोत पटांगणाच्या पार पलीकडे, समुद्राच्या बाजूला, सगळी माणसं धुरासारखी झालेली असताना एक जण स्वच्छ उमटला होता. कॅमेऱ्याकडे पाठ. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट. केसांच्या कडा, कॉलरची घडी, सगळं सुईने टोचल्यासारखं रेखीव. दुसऱ्या फोटोत तो क्रुसाजवळ होता. पाचव्यात म्हाताऱ्याच्या शेजारी, आगीपासून हातभर अंतरावर, आणि भोवतालची माणसं त्याच्या आरपार गेल्यासारखी पसरलेली. दहाही फोटोंत पाठच होती. प्रत्येक फोटोत तो गावाच्या जरा जवळ सरकला होता, आणि एकाही फोटोत हललेला नव्हता.

ती पाठ कुणाची, हे प्लासिडला कुणी सांगायची गरज नव्हती. शॉन लहान असताना त्या पाठीला त्याने पावडर लावली होती.

अकरावा फोटो उरला होता. गर्दी पांगल्यावर, बाण घरांवरून जात होते म्हणून त्याने कॅमेरा गल्लीकडे वळवला होता. तो त्याने स्क्रीनवर उघडला नाही. स्क्रीनवर डोळे फसतात, कागदावर येतं ते खरं, असं तो आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आला होता. त्याने सरळ मोठा कागद लावला.

प्रिंटर वरून खाली एकेक रेघ ओढू लागला.

आधी आकाश आलं. मग बाणांच्या सोनेरी रेघा. मग कौलं, आणि प्लासिडच्या स्वतःच्या घरावरची लाल चांदणी.

मग दार. ते उघडं होतं.

दारात शर्ट होता. एक पाय उंबऱ्याच्या आत.

चार वाजता प्लासिड घरी पोचला. समुद्रावरून जोराचा वारा सुटला होता. उर्सुला दारातल्या ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती. त्याने प्रिंट तिच्यापुढे धरला. तिने हात पदराला पुसले आणि प्रिंटवर वाकून बघितलं.

"किती गप उभा हाय," ती म्हणाली. "लहान असताना फोटोला एक मिनिट उभा राहत नव्हता."

"उर्सुला, शर्ट मी दिला. गोणीत. मला वाटलं..."

"म्हाईत हाय मला. त्याच दिवशी कपाट बघितलं." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि प्लासिडला तो हवा होता. "तुला पन वाट बघनं कुठंतरी थांबवायचं होतं. म्हनून बोलले नाय."

तो तिच्या शेजारी खाली बसला. पाच वर्षांत तो तिच्यासमोर रडला नव्हता, आता रडला. तिने त्याच्या पाठीवर मनगट ठेवलं, हात माशांचे होते म्हणून.

"म्हातारा जाळला त्या रात्री मला वाटलं, तूच लवकर आलास," ती म्हणाली. "झोपेत होते. कोनीतरी खाटेच्या कडेला बसला. मी म्हटलं, पाय किती गार पडलेत, चादर घे."

"मी तीन वाजता आलो. बाहेरच निजलो."

"ते सकाळी कळलं. चादर भिजलेली होती. आनि शर्ट खुंटीवर."

प्लासिडने उघड्या दारातून आत बघितलं. खुंटी रिकामी होती.

"धुवून वाळत टाकलाय मागे," उर्सुला म्हणाली. "रोज धुते. मीठ काय जात नाय."

तो उठला आणि मागच्या दारात गेला. दोरीवर चादर, टॉवेल, तिचे गाऊन वाऱ्याने फडफडत होते. त्यांच्यामध्ये निळ्या चौकड्यांचा शर्ट होता, तिसरं बटण पांढरं.

तो हलत नव्हता.