गवत आतून कापणारा

उंच गवतातून ती थेट कापणीच्या मशीनपुढेच येऊन उभी राहिली, तेव्हा चालकाने ब्रेक असा दाबला की मशीनला ठसकाच लागला. खाली उतरून त्याने आधी तिचे पाय पाहिले. दोन्ही जागेवर होते. मग डोळे पाहिले... आणि तिथे त्याचा हिशेब चुकला.

ती पक्ष्यांची पाहणी करणारी. शेतावरचे लोक तिला पाखरूबाई म्हणत. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. आसपासची कडधान्यं गेली, बांधावरची झुडपं गेली, आणि सगळीकडे बॉयलरमध्ये जाळायचं हे एकच गवत आलं. जायला दुसरी जागा नाही म्हणून जमिनीवर घरटं करणाऱ्या लावऱ्यांनी त्यातच पिल्लं काढली होती. आणि हा पठ्ठ्या सगळ्यांसारखाच कडेने गोल गोल कापत आत निघाला होता! पाखरं मागे सरत सरत मधे गोळा होणार, आणि शेवटच्या फेऱ्यात...

मधे शिरा, तिथून ओढ्याकडे कापत या, असं तिने एका दमात सांगितलं. त्याने डोकं खाजवलं. डिझेल जास्त जाईल, मशीन मामाचं, आणि मामाचा आवाज मशीनपेक्षा मोठा, अशी त्याची अडचण.

"मग मी इथेच बसते."

"बसा की. जेवायला सोबत होईल."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला.

मशीन मात्र त्याने वळवलं. ती ओढ्याच्या काठाने येरझारा घालत राहिली. दर वळणाला तो केबिनमधून भुवया उंचावून विचारी, आणि ती नखं खात मान हलवी—नाही, अजून नाही. मधेच मामा येऊन मनसोक्त बोलून गेले. भाच्याने इंजिनाचा आवाज वाढवला.

ऊन कललं. ओढ्यालगत गवताचा पट्टाच तेवढा उरला, तेव्हा एक लावरी बाहेर आली, थबकली, आणि मागून पिल्लांची धांदल ओढ्याकाठच्या उरल्यासुरल्या झुडपात पळाली. त्याने मशीन बंद केलं.

"किती होती?"

मोजणं हेच तिचं काम. नेमकी आज ती मोजायची विसरली होती.

"उद्या ओढ्यापलीकडचं शेत," तो म्हणाला. "तिथेही आतूनच ना?"

ते शेत तिने कालच पालथं घातलं होतं. "तिथे एकही पाखरू नाही."

"बरं..." म्हणत तो स्वच्छ असलेला हात फडक्याने पुसत बसला.

"पण मी असेन," ती म्हणाली. "जपून चालव."