चौथा कोपरा

"झुंबरमावशी, तुम्ही गोधडीत मेलेल्या बायांची लुगडी घालता का?"

हे विचारून दाखव, अशी पैज वर्गातल्या मुलींनी लावली होती. तेजस्विनीने ती एका दमात जिंकली. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणीने, आरतीने मात्र डोळे गच्च मिटून घेतले.

झुंबरबाईंची सुई थांबली. "घालते की. उकळून, वाळवून. नेसून नेसून लई मऊ झालेली असत्यात. का गं?"

"लंडनहून मेल आलाय, मावशी."

तेजस्विनीची आई अंजना डिंगोरे गावातल्या बायकांकडून गोधड्या शिवून घेई आणि दोन वर्षांपासून, म्हणजे २००७ पासून, इंटरनेटवर विकत असे. बारा गोधड्या परदेशी गेल्या होत्या. आता जर्मनीतल्या एका बाईच्या दुकानाने एकदम साठ मागवल्या होत्या. बुधवारी गाडी निघायची होती.

आणि शुक्रवारी नारायणगावच्या सायबर कॅफेत आईने तो मेल उघडला. आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी अकराला आलेला, इंग्रजीत लिहिलेला.

'तुमची गोधडी रात्री माझ्या छातीवर चढते. माझी मुलगी तापाने फणफणली आहे. यात मेलेल्यांचे कपडे आहेत. त्या साठ गोधड्या पाठवल्यात तर दुकानदाराला सगळं सांगेन.'

खाली फोटो होता. अंथरलेली गोधडी, एका कोपऱ्यातून लोंबणारा दोरा. आईला तो बघायची हिंमतच झाली नव्हती. तिने मेलचा छापील कागद उलटा ठेवला आणि काम बंद केलं. दाराची कडी वाजली तरी ती दचकायची. बाबा, म्हणजे संपतभाऊ, गुरुवारी टोमॅटो घेऊन पुण्याला गेले होते. शुक्रवारी परत आल्यावर एवढंच म्हणाले, "बंद करा हे."

खरं सांगायचं तर तेजस्विनीचीही तंतरली होती. तीन रात्री तिने आजीच्या लुगड्याची गोधडी पायाशी लोटून दिली होती.

पण आज सोमवार होता. रडत बसायला वेळ नव्हता.

"या साठ पुऱ्या झाल्या?" तिने चळतीकडे बोट केलं.

"न्हाई. चौथा कोपरा गोधडी घराबाहेर पडायच्या दिवशी. हळदकुंकू लावून मग शिवायचा, लेक सासरी धाडावी तसा. तवा गडीमाणूस तिथं थांबत न्हाई. तुझ्या आईला सगळं म्हाईत हाय. तू शाळंत असतीस, तुला काय कळायचं!"

तिथून दोघी जीपमध्ये दाटीवाटीने बसून नारायणगावला गेल्या. कॅफेवाल्या राकेशनेच आईची वेबसाईट बनवली होती.

"या बाईचं नाव आपल्या यादीत न्हाई," तो म्हणाला. "पण कुणी तिला भेट दिली असंल."

"साठचा आकडा कुणाकुणाला माहितीय?"

"मला, तुझ्या आईबाबांना, शिवणाऱ्या बायांना. वेबसाईटवर न्हाई टाकला."

"गुरुवारी अकराला कुठे होतास?"

"इथंच की!" मध्येच आरती बोलली. "मी शाळा बुडवून फॉर्म भरायला आलेले ना! दिवसभर आख्ख्या गावाची लाईट गेलेली. हा पायरीवर शेंगदाणे खात बसलेला. मला एक दिला नाय."

उरले गेणभाऊ. पूर्वी गोधड्या तेच पुण्याला नेऊन विकायचे.

"राग हाय, खोटं कशाला बोलू?" गेणभाऊ गुरगुरले. "पण परदेशात धाडता किती? धा-वीस! तेवढ्यासाठी मी कंपुटरात भुतं नाचवू व्हय?"

परतताना आरती कुजबुजली, "म्हणजे कुणीच नाय. तेजू, खरंच भूत असलं तर?"

तेजस्विनीने सोबत आणलेल्या कागदावरचा फोटो पुन्हा पाहिला. आता तिला भुतापेक्षा भयंकर भीती वाटायला लागली.

घरी तिने तो कागद आईबाबांपुढे ठेवला.

"आई, कोपरा बघ. उघडा आहे. लंडनला पोचलेल्या गोधडीचा कोपरा उघडा कसा राहील? ही गोधडी घराबाहेर पडलेलीच नाही. फोटो इथेच काढलाय."

आई फोटोवर वाकली. "अगं बाई... खरंच."

"शिवणाऱ्या बाईने असा फोटो काढलाच नसता, तिला कोपरा आधी दिसला असता. म्हणजे काढणारा पुरुष. गेणभाऊंना साठचा आकडा माहीत नाही. राकेशला माहितीय, पण गुरुवारी नारायणगावात लाईटच नव्हती आणि तो आरतीसमोर बसला होता. आकडा माहीत असलेला आणि त्या दिवशी बाहेरगावी गेलेला पुरुष एकच."

आरतीने बोटं मोजली आणि तोंडावर हात ठेवला. "पण काकांना इंग्रजी कुठं येतं?"

"पुण्यातल्या कॅफेवाल्यानं लिहून दिलं," संपतभाऊ खाली बघत म्हणाले. "फोटो माझ्याच मोबाईलचा."

आईचा चेहरा पांढरा पडला. "तुमी? भुताच्या भीतीनं मला घास गिळंना, आन् तुमी समोर बसून जेवत व्हता?"

"अंजना, सहा वर्सांमागं माझा द्राक्षाचा कंटेनर परदेशात नापास झाला. तिकडंच फेकला. गाव हसलं. मी वर्षभर मान खाली घालून फिरलो. त्या जर्मनीतल्या दुकानवाल्या बाईला उद्या कळलं लुगडी कुणाची, तर साठच्या साठ तोंडावर मारंल. तुझं तसं व्हायला नको व्हतं. मी भ्यालो गं."

दुकानदारीणबाईंना लुगड्यांचं सांगितलेलं नव्हतं, हे खरंच होतं. आईने मान खाली घातली.

तेजस्विनी उठून उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. जर्मनीतलं ते दुकान आपल्या दुपारी उघडतं. उद्या मी शाळेतून अर्ध्या सुट्टीत येणार आणि त्या बाईंना फोन लावणार. माझं इंग्रजी मोडकं आहे, असू दे. लुगडी कुणाची, ते सगळं सांगणार. नको म्हणाल्या, तर ते त्यांच्याच तोंडून ऐकू. हो म्हणाल्या, तर बुधवारी गाडी. आणि बाबा, फोन चालू असताना तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. उठून जायचं नाही."