चौथी चकती

"कसा मोडलात हा?"

कटरचे दोन तुकडे तळहातावर घेऊन हत्यारांच्या दुकानातला तरुण माझ्याकडे बघत होता. मी खरं तर नेहमीच्या दुकानात निघाले होते. ते बंद निघालं, म्हणून इथे शिरले.

"मी नाही, मशीनने मोडला."

"आणि मशीनला सांगितलं कुणी?"

"...मीच."

तो हसला. गालावर काळ्या तेलाचा ठिपका होता, आणि तो त्याला शोभतही होता — देवाची करणी, दुसरं काय!

माझं मशीन म्हणजे टेबलावर मावणारं जुनं सीएनसी. संगणक सांगेल तसं, फिरत्या कटरने कोरणारं. हौसेने घेतलं आणि आता आत्याचं सगळं त्याच्यावर अवलंबून होतं. आत्याने मला शिवणकामावर वाढवलं. तिच्या शिवणयंत्रात नायलॉनची एक चकती असते. तिच्या उंचवट्यांवरून सुई डावी-उजवीकडे झुलते आणि कापडावर नक्षीची किनार उमटते. ती चकती फुटली होती, आणि तसली आता कुठेच मिळत नव्हती. रविवारी यंत्र भंगारात जाणार होतं. "थांब गं, मी करते चकती," असं माझ्या तोंडून गेलं, आणि मी अडकले.

पर्समधले फुटक्या चकतीचे तुकडे मी त्याला दाखवले. त्याने ते बराच वेळ न्याहाळले... बोलला मात्र काहीच नाही.

नव्या कटरने केलेली पहिली चकती वितळली. ती दाखवायला मी पुन्हा दुकानात गेले.

"कटर एकाच जागी घुटमळला की असंच होतं," तो म्हणाला. "पुढे सरकायला हवं."

"अनुभव दिसतोय तुम्हाला."

"चार दिवस झाले, घेतोय."

मी घाईघाईने पिशवी उचलली.

दुसऱ्या वेळी कटर बदलला, पण त्याची नवी उंची मशीनला सांगायला विसरले. कटर चकतीतून आरपार, थेट खालच्या फळीत! मग तो घरीच आला. कटरखाली मला कागदाची पट्टी धरायला लावली. "हलवत राहा. अडली म्हणजे कटर टेकला, की सांगा." तो कटर केसा-केसाने खाली आणत होता. कानाशी त्याचा श्वास... पट्टी अडली.

"अडली ना?" त्याने हळूच विचारलं.

"हो... केव्हाची."

"बोटं सांभाळा रे, दोघंही!" आतून आत्या.

तिसरी दिसायला देखणी झाली, पण यंत्रात खुळखुळली. मी कटर बरोबर रेषेवरून फिरवला होता, त्यामुळे कडेने कटरची अर्धी जाडी खाल्ली गेली. तो शनिवार होता. त्याच्यासमोरच मला रडू फुटलं.

रविवारी सकाळी तो आल्यावर मी कटर रेषेबाहेरून फिरवला. चौथी चकती बसली! आत्याने पायाने यंत्र चालवलं, सुई झुलली... पण दर सहाव्या टाक्याला किनार किंचित लचकत होती. एक उंचवटा मी चुकीचा काढला होता. माझा चेहरा पडला. आत्याने कापड उजेडात धरलं, चष्मा वर केला, खाली केला.

"ही लचक राहू दे गं. अशी किनार दुसऱ्या कुणाकडे आहे?"

आणि तिने भंगारवाल्याला फोन लावला, "नको येऊस रे बाबा."

मी त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेले.

"एक सांगू? रागावणार नाही ना?"

"ते ऐकल्यावर ठरवेन."

"ते तुकडे बघितले तेव्हाच कळलं होतं... ही चकती मी कानशीने घासून अर्ध्या दिवसात दिली असती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही परत आला नसतात..."

मी खरंच रागावले. "आणि आजचीही बिघडली असती तर? आत्याचं यंत्र गेलं असतं!"

त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत हाताने घासलेली, गुळगुळीत चकती. "काल तुम्हाला रडताना बघितलं, आणि दुकानात जाऊन आधी ही केली. सकाळपासून खिशात आहे. पण तुमची बसली... मग कशाला मध्ये येऊ?"

माझा राग कुठच्या कुठे गेला. मी पुरचुंडी पुन्हा बांधली आणि त्याच्या हातात ठेवली.

"आत्याला दाखवू नकोस," मी म्हटलं. "एक चकती जादा आहे म्हटल्यावर तिला वाटेल, आता याचं इथे काय काम?"

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं... उद्या लवकर ये."