पोळ्याच्या दिवशी विकलेली राजदूत

फकिराचं काम तसं साधं होतं. मोटारसायकल चिकलठाण्यातून देवगाव रंगारीला न्यायची, घेणाऱ्याच्या दारात उभी करायची, चावी द्यायची आणि सकाळच्या एसटीनं परत यायचं. आता तुम्ही म्हणाल, आबा, यात भुताचं काय आलं? अरे, मी कुठं म्हणतोय भूत? आपल्या घरात भूत मानत नाहीत. मी बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हटलेला माणूस आहे. विशाखा, हसू नको. आकाश, तो मोबाइल पालथा ठेव आधी, तोंड निळं दिसतंय तुझं. लाइट येईल तेव्हा येईल. मी फक्त फकिरानं मला दवाखान्यात जे सांगितलं आणि त्यानंतर मी जे पाहिलं, तेवढंच सांगणार. पटलं तर घ्या, नाय तर द्या सोडून.

फकिरा म्हणजे गल्लीच्या टोकाला ते पिवळं घर आहे ना, तिथला. आम्ही तीस वर्षं एका कारखान्यात होतो. माणूस मनानं चांगला, पण डोकं एकदा तापलं की मग देव जरी आला तरी ऐकायचा नाय. त्याची राजदूत पण त्याच्यासारखीच. थंडीत दहा किका खायची, आणि चालू झाली की अख्खी गल्ली उठवायची. चाळीस वर्षं वापरली त्यानं ती. दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाय. मी त्याचा एवढा जिवाभावाचा, सगळ्या गल्लीत 'सांडू' म्हणून मला हाका मारायचा, पण मलाही कायम मागंच बसवलं लेकानं.

ही गाडी त्यानं बैल विकून घेतली होती. बैलाचं नाव हरण्या. तेव्हा चिकलठाण्यात त्यांची शेती होती, आता तिथं फ्लॅट झालेत. हरण्याला देवगाव रंगारीला विकला. आठ दिवसांनी बैल दावं तोडून परत आला. चालत! खुरं फुटलेली, तोंडाला फेस. दारात उभा राहून हंबरत होता. पण दारात तर नवी कोरी राजदूत उभी. फकिरानं काठी घेतली, बैलाला झोडपलं आणि ट्रकात घालून परत पाठवला. बैल पुन्हा सुटला. या खेपेला मात्र घरी पोचला नाय. कसाबखेड्याच्या पुढं एक छोटा पूल आहे, तिथं रात्री कशाच्या तरी खाली आला. हे मला फकिरानंच सांगितलं होतं. चाळीस वर्षांत एकदाच.

पुढच्या पोळ्याला गोठा रिकामा. तेव्हापासून त्यानं एक रीत धरली. तुम्ही शहरातली पोरं, तुम्हाला माहीत नसणार. पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात आणि त्याला जेवणाचं निमंत्रण देतात. 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' फकिरा हे सगळं राजदूतला करायचा. हँडलला हळद चोळायचा, टाकीजवळ तोंड नेऊन आवतन द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा निवद तिच्या दिव्यापुढं धरायचा. आम्ही लई हसायचो. मी म्हणायचो, "फकिरा, पेट्रोल पाज तिला. पुरण काय करायचंय?" तो नाय हसायचा. आवतन कुणाला जात होतं, ते देणाऱ्यालाच ठाऊक.

गेल्या सालचा पोळा. शुक्रवार होता. पोळ्याला अमावस्या असतेच.

फकिरा सत्तरीच्या पुढं गेला होता. खुबा दुखायचा. आषाढात क्रांती चौकात सिग्नलला पाय टेकायला गेला तो टेकलाच नाय, भर रहदारीत गाडीसकट आडवा झाला. तेव्हापासून त्याचा पोरगा विश्वजीत हट्टाला पेटला, गाडी काढायची म्हणजे काढायची. त्यानं मोबाइलवर फोटो टाकून देवगाव रंगारीचं गिऱ्हाईक शोधलं. सुदर्शन नावाचा माणूस. बापाला विचारलं नाय, नुसतं कळवलं. फकिरा आठ दिवस कुणाशी बोलला नाय. पण पोळ्याच्या आदल्या सांजेला त्यानं हळद कालवली, खांदेमळणी केली आणि नेहमीसारखं आवतन दिलं. शेवटचं म्हणून. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पोळ्याच्या दुपारी पुरणाचं ताट वाढलेलं. निवदाचं ताट वेगळं. तेवढ्यात विश्वजीत आला.

"बाबा, सुदर्शनचे सकाळपासून फोन चालू आहेत. आज गाडी पोचली नाही तर सौदा मोडला म्हणतो."

"आज पोळा हाय. परवा नेतो."

"गाडीला काय शिंगं आहेत का पोळा पाळायला? तसंही इंजिन काढून कोळपणीचं यंत्र करणार आहे तो."

फकिराला हे कुणी सांगितलंच नव्हतं. "कोळपणीला? जू घालणार व्हय तिच्यावर?"

"लोखंडाला काय दुखतंय, बाबा? भंगार आहे ते!"

फकिरानं हातातलं ताट भिरकावलं. ते निवदाच्या ताटावर आदळलं आणि सगळं पुरण फरशीवर. विश्वजीत बापावर ओरडला, बाप पोरावर. शेजारीपाजारी दारात. मीपण होतो. फकिरानं खुंटीची चावी ओढली आणि म्हणाला, "तुझ्या दारात नको ना? आत्ता नेतो. मीच नेतो." त्याच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. सुदर्शनच्या हातावर हात मारून वचन घ्यायचं, की हिला कापणार नाय. वचन दिलं तर गाडी त्याची, नाय तर आल्या पावली परत आणायची. तिला कापू द्यायची नाय, एवढंच त्यानं धरलं होतं.

मनकर्णाबाई म्हणजे फकिराची बायको, त्या आडव्या आल्या. "अवो, काल आवतन दिलंय तुम्ही. जेवू न घालता दारातून काढता काय? थांबा, दुसरं ताट करते."

"काय नको." फकिरा पोराकडं बघत म्हणाला. "भंगार हाय ना ते? भंगाराला कशाचं जेवण?"

रागात बोलला. पोराला टोचावं म्हणून बोलला. पण बोलला.

गाडीला त्या दिवशी वीसेक किका माराव्या लागल्या. दिवस मावळता मावळता तो निघाला. छावणी गेली, मिटमिटा गेलं. दौलताबादचा किल्ला अंधारात बुडत होता. वाटेतल्या गावांतून पोळा फुटून बैल घरी चालले होते. रंगवलेली शिंगं, झुली, घुंगरमाळा. पोरं हलग्या वाजवत नाचत होती. फकिराला बरं वाटलं. राग उतरायला लागला. पोटात भूक होती, पण म्हणाला, सुदर्शनच्या घरी पुरण असेलच की.

कसाबखेडा मागं पडलं आणि रस्ता रिकामा झाला. दोन्ही बाजूंना कपाशी आणि मका. राजदूतचा तो पिवळा उजेड, हातभर लांबसुद्धा नीट पडायचा नाय.

मागून घुंगरं ऐकू आली.

त्याला वाटलं, कुणीतरी बैल घेऊन घरी चाललाय. पोळाच तर होता. आरशात पाहिलं. काही दिसेना, अमावस्येला काय दिसणार? पुढं गेला. घुंगरं तेवढ्याच अंतरावर. त्यानं वेग वाढवला. राजदूत पन्नासच्या वर कधी पळत नसे, ती पन्नासला नेली.

घुंगरं तेवढ्याच अंतरावर.

आणि पळत्या बैलाची वाजतात तशी नाय बरं. चालत्या बैलाची. सावकाश. खुळ... खुळ... खुळ...

"मग आबा?"

थांब ना, सांगतोय ना.

पूल आला. तोच पूल. तिथं गाडीचा दम गेला. फकिरानं मूठ पिळली, इंजिन ओरडायला लागलं, पण चाक पुढं जाईना. जड ओझं मागं बांधल्यासारखं. मग इंजिन आपोआप बंद पडलं. दिवा गेला.

घुंगरं दोन पावलं पुढं आली.

मग थांबली.

फकिरानं किक मारली. पुन्हा मारली. खुब्यातून कळ आली. गाडी चालू होईना. मक्यातले किडे ओरडत होते, तेही गप्प झाले. मानेवर गरम वारा आला. गेला. पुन्हा आला. शेणाचा वास आणि घामाचा. फकिरा जन्माचा शेतकरी. तो वास त्याला चुकायचा नाय.

मग त्याला कळलं, टाकी हलतेय.

इंजिन बंद. गाडी उभी. आणि त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये टाकी फुगत होती... आत जात होती. फुगत होती... आत जात होती.

"आबा, बास..."

तूच म्हणाली होतीस ना विशाखा, की सांगा म्हणून? बस आता.

त्याचा डावा हात हँडलवर होता. त्या हाताला काहीतरी लागलं. ओलं. खरखरीत. जीभ होती ती. बोटांवरून फिरली, मग तळहाताखाली शिरली. बैल धन्याच्या हातात पेंड शोधतो ना... तशी शोधत होती. फकिरानं खिसे चाचपले. एक सुपारीचं खांड, बाकी काही नाय. तो म्हणाला, "हरण्या... काय आणलं नाय रे. घरी सांडलं सगळं."

मला दवाखान्यात म्हणाला, "सांडू, इथपर्यंत मला भ्या वाटलं नाय. आपलाच बैल, आपलाच हात. वाटलं, चाटंल अन् जाईल. मी रडलो पण. म्हणलं, चुकलो बाबा."

जीभ थांबली.

हात मोकळा झाला.

मग हँडल वळलं. फकिरा ते धरून होता, पण त्याचं काही चाललं नाय. घराकडं नाय वळलं... देवगावकडं नाय...

त्याच्याकडं वळलं.

तो कसाबसा उतरला. मागं सरकला. गाडी त्याच्यापुढं एकटी उभी. स्टँड नाय, आधार नाय. पुढचं चाक हळूहळू खाली दबलं. बैल मारायच्या आधी मान खाली घालतो... तसं.

फकिरा पुढं बोलला नाय. मीपण विचारलं नाय.

सकाळी सुदर्शन ट्रॅक्टर घेऊन शोधत आला. फकिरा पुलाखाली पडलेला, शुद्ध नाय, छातीची हाडं मोडलेली. गाडी वर रस्त्याच्या कडेला. फोनवर विश्वजीतला अरेरावी करणारा हा माणूस, पण त्यानं फकिराला शहरात आणलं आणि गाडी टेम्पोत घालून चिकलठाण्याला धाडली. वर हात जोडले. "दादा, मला ही गाडी नको." कारण विचारलं तर म्हणे, "नको म्हणलं ना." डॉक्टर म्हणाले, गाडी अंगावर पडली असेल. असेल बाबा. पण टेम्पोतून उतरवली तेव्हा मीच धरली होती ती. आरसे शाबूत, टाकी चकचकीत, कुठं एक ओरखडा नव्हता.

फकिरा पाच दिवस जगला. गणपती बसले त्या दिवशी गेला. मला शेवटचं म्हणाला, "पोराला सांग, तिला जेवू घाल म्हणावं. मग विकायची तर विक."

मला लई वाईट वाटलं रे. एवढा रागीट माणूस, आणि शेवटी आवाज असा, एखाद्या लहान पोरासारखा.

विश्वजीतनं गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकली, टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं आणि कुलूप लावलं. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईंनी पुरण घातलं. मला बोलावलं. मी गेलो. मानत नाय मी, पण मैत्रीखातर गेलो. विश्वजीतनं स्वतः ताट नेऊन गाडीच्या पुढच्या चाकापाशी ठेवलं. मनकर्णाबाई पदर पसरून म्हणाल्या, "हरण्या, जेव बाबा. घरच्यांचं चुकलं." विश्वजीतपण वाकला. कुलूप लावून चावी त्यानं माझ्या हातात दिली. "काका, तुमच्याकडं ठेवा. मला घरात नको."

रात्री मी जागाच होतो. त्या बाजूनं काही आवाज नाय. कुत्रंसुद्धा भुंकलं नाय.

सकाळी मीच कुलूप उघडलं. विश्वजीत माझ्या मागं.

ताट जसंच्या तसं होतं. पुरणपोळी, वर तुपाची धार. कुणी तोंड लावलं नव्हतं. मुंगीसुद्धा नव्हती.

टाकीला दोन भोकं होती. वीतभर अंतरानं. पुढच्या अंगाला.

विश्वजीत म्हणाला, "काका... कुणीतरी पहार मारली..."

मी जवळ गेलो. टॉर्च धरली. जन्मभर पत्र्याचं काम केलेला माणूस मी. पहार मारली असती, तर पत्रा आत गेला असता.

पत्रा बाहेर वळला होता.