ठकीला वाचता येईल असं पान

“मला फुप्फुसं नाहीत म्हणून काय झालं? एका दमात किती वाचायचं कुणी?” ऋजुताच्या खांद्यावर बसलेली ठकी तिच्या कानाशीच पुटपुटली.

ठकी म्हणजे वाचून दाखवणारा, मुठीएवढा यंत्रमानव. चंद्रावरच्या वस्तीत ऋजुताच्या आजोबांचा, तात्यांचा मळा होता. दिव्यांच्या उजेडात तिथे मेथी, मुळा, चवळी पिकायची. एकोणीस वर्षं मळा राखून तात्या आता पुढच्या यानाने पृथ्वीवर परत जाणार होते. विश्रांतीसाठी, असं सगळे म्हणत. आईही तेच म्हणे, आणि म्हणता म्हणता तात्यांच्या हाताला चहाचा कप लावून देई. ऋजुता अकरा वर्षांची होती. कप हाताला का लावावा लागतो, हे तिला कळत होतं.

म्हणून तिने तात्यांच्या टिपणांचं वेबपान करायला घेतलं होतं. ठकीने ते नीट वाचलं, तर तात्यांना जावंच लागणार नाही, असा तिचा बेत. आणि इथे तर ठकीच्या वाचनात मेथीचं टिपण मुळ्यात शिरलेलं, मुळ्याचं चवळीत.

“मी प्रत्येक ओळ वेगळी लिहिली होती, तात्या.”

“तुझ्या ओळी ब्राउझर (पान उघडून दाखवणारा प्रोग्रॅम) मोजत नाही. तो सगळं सलग जोडून टाकतो,” तात्या म्हणाले. “त्याला टॅग (मजकूर कसला आहे ते सांगणाऱ्या खुणा) लागतात. कोनदार कंसात एखाददुसरं अक्षर. h2 म्हणजे शीर्षक, p म्हणजे परिच्छेद. बाकी सगळं आपल्या दारांसारखंच.”

वस्तीत दार उघडताना “उघडलं” आणि बंद करताना “लावलं” असं मोठ्याने म्हणायची पद्धत होती. बाहेर हवा नाही, तेव्हा विसरून चालत नाही. पोरं बोलायला लागली की आधी हेच दोन शब्द शिकत.

“टॅग उघडायचा, मजकूर लिहायचा, टॅग लावायचा. लावताना आत एक तिरपी रेघ.”

ऋजुताने लिहिलं:

<h2>मेथी</h2>
<p>बी आठ तास भिजवा.</p>

शीर्षक असलं की ठकी ते ठणठणीत आवाजात वाचे. तिने “मेथी” म्हटलं, थांबली, पुढचं शांतपणे वाचलं. मग “मुळा” म्हणून जी गरजायला लागली ती थांबेचना. मुळ्याचं पाणी, मुळ्याचं खत, पाला कधी खुडायचा, सगळंच शीर्षक. चवळी आली तेव्हा कुठे तिचा सूर खाली उतरला.

“मुळ्याचं दार उघडं राहिलं वाटतं,” तात्या हसत म्हणाले.

ऋजुताचे कान तापले. चंद्रावर जन्मलेल्या मुलीने दार विसरायचं म्हणजे शोभाच. तिने मुकाट्याने </h2> लिहिलं.

“आता एखादं नाव घ्या, तात्या.”

“चवळी.”

ठकी शीर्षकांवरून उड्या मारत थेट चवळीवर पोचली. तात्यांनी मेथी मागितली, मग मुळा, मग उगाचच परत चवळी. त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली.

“लावलं,” म्हणत आई आत आली आणि ऐकत उभी राहिली.

“शेवटी चित्र,” असं म्हणून ठकी गप्प झाली.

“कसलं चित्र?” तात्यांनी विचारलं.

ऋजुताने img या चित्राच्या टॅगने फोटो टाकला होता. तो पडद्यावर तात्यांच्या समोरच होता, भिंतभर मोठा. आईने ऋजुताकडे पाहिलं, ऋजुताने जमिनीकडे.

“छान आलाय,” आई म्हणाली. “बघा ना तुम्ही, सावकाश.”



“img ला दार लावणारा टॅग नसतो,” तात्या म्हणाले. “पण त्याच्या पोटात alt नावाची जागा असते. चित्रात काय आहे, ते तिथे शब्दांत लिहायचं. नीट लिही, ऋजू. पुढच्या हंगामाला मला लागेल.”

मग ते आईकडे वळले, पण नजर तिच्या जरा बाजूलाच. वर्षभर डोक्यावर असलेली पाटी खाली ठेवावी, तसा त्यांचा आवाज हलका झाला होता.

“यानातलं माझं नाव काढ, अनघा. विश्रांती कुणाला हवी होती? मला दिसत नाही.”