चंद्रव्वाच्या घरातली जोड

लिहा, लिहा म्हणून नात मागं लागलीय. मला चौथीच्या पुढं शाळा न्हाय, आन् झालेली गोष्ट परत उगाळायची हौस बी न्हाय. पण ती ऐकंल तर शपथ! तर एकदाच सांगतो. मधी काय इचारायचं न्हाय.

भवानी पेठेत आमी दोघंच राहतो, मी आन् नात सुकन्या. पोरगा-सून कुर्डुवाडीला, रेल्वेत. सुकन्या लांब पुण्याच्या कंपनीचं काम हितं घरात बसून करती. कानाला हेडफोन लावून गिऱ्हाइकांशी बोलायचं. इंटरनेट केबलवाल्या गुरुराजचं. टीव्हीच्या जुन्या वायरीतनंच त्यानं ते घरात आणलं. लई पळायचं. पण दुपार झाली, की बोलता बोलता फोन कट. साहेबानं पोरीला बजावलं, आता एकदा जरी कट झाला तर पुण्याला येऊन बस, न्हायतर काम सोड. म्हंजे घरात मी एकटा. भाकर गोड लागंना.

गुरुराजला बोलावलं. मोबाइलात बघून म्हणला, "महिपतीआजोबा, केबल सगळ्या गल्लीची असती. समदे ओढतेत, मग पातळ हुतं. पण तुमच्या वायरीवर आणिक एक टीव्हीचा डबा चालतोय की. शेजारच्या चंद्रव्वाच्या घरात."

"ती जाऊन वरीस झालं, येड्या."

"मग तुमीच कुणाला तरी चोरून जोड दिलीया. चावी तुमच्याकडंच हाय न्हवं?"

भर गल्लीत म्हणला. चोर. मला!

चावी होती, खरं हाय. चंद्रव्वाचा भाचा मैंदर्गीला असतो. घर बंद केलं, की चावी शेजाऱ्याकडं ठेवतातच. आन् ती जित्ती असताना टीव्हीपुरती जोड आमच्या वायरीतनं ह्याच गुरुराजनं दिलेली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर पक्कड घेतली आन् निघालो. बाहेर ऊन असं, की कुत्रं बी गटारीत जाऊन पडलेलं. कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं, आन् अंगावर गारवा आला. पत्र्याच्या घरात, भर उन्हाळ्यात, गारवा? अंधार. कोंदट वास, आन् त्या वासात लसणीची ताजी फोडणी. टीव्ही भाच्यानं कवाच नेलेला. लाइटीचं मीटर बी काढलेलं. भिंतीवर वायरीचं टोक नुसतं लोंबत होतं, कशालाच जोडलेलं न्हाय. हात लावला... कोमट. माणसाच्या बोटावानी.

मग ऐकू आलं. लई बारीक. कानडीत मालिका चालल्यासारखं, बायका बोलतेत, मधी वाजप. कुठनं येतंय ते कळंना. मी वायर ओढली, तसा आवाज थांबला.

"यारू?..."

कोण, म्हणून इचारलं. कानडीत. माझ्या मागनं.

मी वळलो न्हाय. "मी... महिपती."

"कुंद्री..."

बसा. आल्यागेल्याला ती हेच म्हणायची.

पक्कड दाबली. तट्‌दिशी वायर तुटली, आन् मी बाहेर कसा आलो ते माझं मला ठावं न्हाय. एक चप्पल आतच राहिली. राहू द्या.

त्याच सांजंला फोन-ऑफिसच्या धनाजीला गाठलं. आमचा जुना फोन अजून भिंतीवर हाय, त्याच तारेतनं इंटरनेट दे म्हणलं. सुकन्या कुरकुरली, "आजोबा, ते लई हळू असतंय ओ."

"हळू हाय, ताई," धनाजी म्हणला, "पण एक्सचेंजपासनं घरापर्यंत ही तार तुमच्या एकट्याची. वाटेकरी न्हाय."

वाटेकरी न्हाय! मला तेवढंच पायजे होतं.

तवापासनं पिक्चर लावला तर ते चाक गोल फिरत बसतं, पण पोरीचा एक फोन कट झाला न्हाय. साहेब गप. पोरगी हितंच हाय. मी दुपारचा भाकरी खाऊन घोरत पडतो, आन् लई दिवसांनी पोटात कसं गार वाटतं.

मग एक दिवस गुरुराज त्याची वायर गोळा करायला आला. माझ्या घरापासनं चंद्रव्वाच्या भिंतीपर्यंतची सगळी गुंडाळून खांद्यावर टाकली. सवयीनं मोबाइल बघितला, आन् तितंच हुभा राहिला.

"काय रं?"

"आजोबा... तो डबा... अजून चालूच हाय."

त्यानं वेटोळं हळूच खाली ठेवलं. हात पँटीला पुसला, गाडी काढली आन् गेला. वेटोळं अजून माझ्या दारात पडलंय, कुणी उचलत न्हाय.

चालू दे तिकडं काय चालायचं ते. आमची तार येगळी. पण मला भर गल्लीत चोर म्हणला, त्याची माफी अजून मागायची ठेवलीया... गुरुराजनं.